बिनसेलच्या रेडिओचा जमाखर्च

क्रिस्टल रेडिओ, म्हणजे सेल किंवा घरची वीज न लागणारा रेडिओ; त्याची आकृती पोस्टकार्डाच्या एका कोपऱ्यात मावते. कॉइल, गँग (नॉब फिरवून कमी-जास्त करता येणारा कंडेन्सर), डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), इअरफोन. वर एरिअल, खाली अर्थिंग. पाच-सहा सांधे सोल्डर केले की काम संपलं, असं वाटतं. म्हणूनच हा रेडिओ 'सोपा' म्हणून नावाजला आहे, आणि म्हणूनच कित्येक क्रिस्टल रेडिओ पहिल्याच संध्याकाळी डब्यात जाऊन पडतात. सगळं आकृतीप्रमाणे जोडलेलं असतं, पण इअरफोनमध्ये एक तर चिडीचूप, नाहीतर दोन-तीन स्टेशनं एकमेकांच्या बोकांडी बसून एकाच वेळी बोलतायत. मग खापर फुटतं डायोडवर. तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

नेहमीच्या रेडिओत केंद्राकडून येतो तो फक्त निरोप. आवाजाची ताकद सेलची किंवा घरच्या विजेची असते. इथे निरोपही केंद्राचा आणि ताकदही केंद्राचीच. मनोऱ्यातून निघालेल्या कित्येक किलोवॉटपैकी आपल्या तारेच्या वाट्याला येतो तो मायक्रोवॉटचा काही भाग, फार जवळ असाल तर थोडा जास्त. कान कमालीचा संवेदनशील असल्यामुळे तेवढ्यावरही भागतं, पण उधळायला काही शिल्लक नसतं. त्यामुळे हा रेडिओ बनवणं म्हणजे काय काय जोडायचं हे शिकणं नव्हेच. आपण जोडलेली प्रत्येक वस्तू त्या इवल्याशा शक्तीतलं किती खाते, याचा हिशोब ठेवणं आहे. पुढचं सगळं त्या हिशोबाभोवतीच फिरतं.

तार गुंडाळायला बसण्याआधी एक खातरजमा करावी. जवळपास मिडियम वेव्हचं केंद्र चालू आहे का? आशिया, युरोप आणि आफ्रिकेत हा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ असा, दर ९ किलोहर्ट्झवर एक जागा; अमेरिका खंडांत १० किलोहर्ट्झच्या अंतराने जवळजवळ १७०० पर्यंत. पण युरोपात बऱ्याच ठिकाणी हा पट्टा ओस पडला आहे. जर्मनीतल्या डॉइचलांडफुंकने २०१५ च्या शेवटच्या दिवशी आपली मिडियम वेव्ह बंद केली. तेव्हा खिशातला साधा एएम रेडिओ भर दुपारी लावून बघावा. दिवसा आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर मिडियम वेव्ह शोषून घेतो, त्यामुळे दुपारी जे ऐकू येतं ते जमिनीलगत थेट आलेलं असतं, भरवशाचं असतं. एखादं स्टेशन खणखणीत येत असेल तर क्रिस्टल सेट चालणार. दुपारी सगळीकडे नुसती खरखर असेल, तर लेखाच्या शेवटाकडे सांगितलेली एका सेलवरची चिप वापरलेली बरी.

कॉइल आणि गँग मिळून जे होतं त्याला ट्यून्ड सर्किट म्हणतात. झोपाळ्याला त्याच्याच लयीत बोटाने धक्के देत राहिलं तरी तो उंच जातो, आणि दुसऱ्या कुठल्याही लयीत ढकललं तर जागीच घुटमळतो. केंद्राच्या लहरी हे ते हलके धक्के. लय ठरते कॉइलच्या इंडक्टन्सवर आणि गँगच्या कपॅसिटन्सवर: दोघांचा गुणाकार करायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं, २ पायने गुणायचं आणि १ ला त्याने भागायचं. २४० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ३६५ पिकोफॅरडचा गँग घेतला तर खालचं टोक ५३८ किलोहर्ट्झवर येतं. जोडणीच्या तारांमुळे आणि कॉइलच्या वेढ्यांमुळे आणखी २० पिकोफॅरड आपोआप येतात, ते धरले तर ५२४. पट्ट्याचं खालचं टोक हाती लागलं.

२४० मायक्रोहेन्री मिळवायचे कसे? बाहेरून ७५ मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, साधारण १० सेंटिमीटर लांब. २६ गेजची इनॅमलची तांब्याची तार, जी इनॅमलसकट जवळपास अर्धा मिलिमीटर जाड भरते. एकाला एक चिकटवून ५० वेढे. कॉइल २५ मिलिमीटर रुंद होते, तार सुमारे १२ मीटर लागते आणि तिचं वजन २० ग्रॅमच्या आतच असतं; सुटी टोकं आणि चुका धरून २५ ग्रॅम घ्यावी. पाइपचा व्यास वेगळा असेल तर हे आकडे तसेच उचलू नयेत. ५० मिलिमीटरच्या पाइपवर ५० वेढे दिले तर कॉइल फार कमी पडते, कारण इंडक्टन्स व्यासापेक्षा जास्त वेगाने घटतो. जुन्या वाल्व्ह रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग असेल तर उलट १७५ मायक्रोहेन्रीच पुरतात, म्हणजे त्याच पाइपवर चाळिसेक वेढे.

गुंडाळताना पाइपच्या कडेपासून दीड सेंटिमीटरवर दोन बारीक भोकं पाडून तार त्यांतून ओवून घ्यावी, म्हणजे ती सैल होत नाही. तारेचं रीळ पायाने दाबून धरायचं आणि पाइप हातात फिरवायचा. तार पाइपभोवती फिरवत बसलं की तिला पीळ पडतो. मध्ये टॅप काढायचे आहेत, ते का ते पुढे येईलच. खालच्या, म्हणजे अर्थिंगच्या टोकापासून १०, १७, २५ आणि ३५ व्या वेढ्यावर तार न तोडता तिचा एक सेंटिमीटरचा फासा करून पिळून ठेवायचा आणि पुढे जायचं. टॅप एकाखाली एक न येता थोडे तिरके सरकत गेले तर नंतर क्लिप लावताना शेजारच्याला टेकत नाही.

आता सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत निर्णायक काम: इनॅमल खरवडणं. ही तार उघड्या तांब्यासारखीच दिसते, त्यामुळे नवखा माणूस तिच्यावर थेट सोल्डर लावतो. सोल्डर वरवर बसतो, सांधा चकाकतो, आणि आत वीज जाण्याचा रस्ताच नसतो. काही तारांचं इनॅमल गरम सोल्डरिंग आयर्ननेच वितळतं, काहींचं मुळीच नाही. बारीक पॉलिश पेपर चिमटीत धरून टोक चारी बाजूंनी घासायचं, तांबं गुलाबीसर दिसेपर्यंत, आणि मग त्यावर सोल्डरचा पातळ थर द्यायचा. टॅपचे फासे पिळलेले असल्याने आतल्या बाजूला इनॅमल हटकून राहतं. पीळ उलगडून घासावं, मग पुन्हा पिळावं. मल्टिमीटरवर पूर्ण कॉइल सव्वा ओहमच्या आसपास दाखवायला हवी. काहीच दाखवत नसेल तर तार तुटलेली नाही, इनॅमल राहिलंय, असंच आधी समजावं.

पाइप पुठ्ठ्याचा असला तरी चालतो, पण पुठ्ठा दमट हवेतलं पाणी पितो आणि ते पाणी सिग्नल पितं. आधी उन्हात किंवा कोमट ओव्हनमध्ये खडखडीत वाळवून वार्निशचा हात द्यावा. लिट्झ वायर, म्हणजे केसासारख्या वेगवेगळ्या इनॅमलच्या अनेक तारा पिळून केलेली तार, या कामाला साध्या तारेपेक्षा सरस असते, पण तिच्या प्रत्येक धाग्याला सोल्डर लागला पाहिजे. पहिल्या सेटला तिच्या वाटेला जाऊ नये.

गँग दोन प्रकारचे मिळतात. पत्र्यांचा, हवेचा गँग मोठा, दणकट आणि नुकसान कमी करणारा. ट्रान्झिस्टर रेडिओतला चौकोनी पीव्हीसी गँग छोटा आणि सहज मिळणारा. पीव्हीसी गँगला बहुतेकदा तीन पाय असतात, मधला सामाईक. दोन कप्पे असतात, अनेकदा १४० आणि ६० पिकोफॅरडचे. बाहेरचे दोन पाय एकत्र जोडले की २०० मिळतात. पण २०० पिकोफॅरडला २४० मायक्रोहेन्री पुरत नाहीत, ४२० च्या आसपास लागतात. म्हणजे वर सांगितलेल्या पाइपवर ५० ऐवजी बहात्तर-त्र्याहत्तर वेढे. आणखी एक घात करणारी गोष्ट म्हणजे तो पॅनेलला बसवायचे स्क्रू. ते दोन-तीन मिलिमीटर जास्त लांब असले की आत शिरून प्लेटांना टेकतात. मग नॉब अडतो किंवा गँग शॉर्ट होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कुठलाही गँग असो, फिरणाऱ्या प्लेटा, म्हणजे दांड्याची बाजू, अर्थिंगलाच जायला हवी. उलट जोडलं की नॉबला हात लावला रे लावला की स्टेशन सरकतं.

इथपर्यंतचं ट्यून्ड सर्किट एकटं असताना फार धारदार असतं. चांगली कॉइल १००० किलोहर्ट्झवर केवळ ५ किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा निवडते. मग बिघडतं कुठे? आपण त्याला दोन गोष्टी जोडतो तिथे: वर एरिअल आणि बाजूला डायोड.

एरिअल आधी. १५ मीटर लांब तार उंचावर बांधली तर ती जमिनीशी मिळून साधारण १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर बनते. आकृत्यांत एरिअल थेट कॉइलच्या माथ्याला जोडलेली दाखवतात, म्हणजे हे १०० पिकोफॅरड थेट गँगच्या जोडीला येतात. हिशोब करून बघा. एरिअल नसताना आपला सेट ५२४ पासून १८७६ किलोहर्ट्झपर्यंत फिरत होता. एरिअल लावल्यावर तोच ४६६ ते ९०१ एवढाच फिरतो. पट्ट्याचा वरचा अर्धा भाग गायब! १२०० किलोहर्ट्झवरचं स्टेशन मग कितीही नॉब फिरवला तरी हाती लागत नाही, आणि माणूस डायोड बदलत बसतो. शिवाय एरिअलबरोबर जमिनीचा रोधही सर्किटला चिकटतो आणि धार बोथट करतो.

उपाय दोन. एरिअल आणि कॉइलचा माथा यांच्यामध्ये ३३ पिकोफॅरडचा छोटा कंडेन्सर घालायचा. मग १०० चे २५ होतात आणि वरचं टोक १३८५ पर्यंत परत येतं. किंवा एरिअल माथ्याला न लावता क्रोकोडाइल क्लिपने १० व्या वेढ्याच्या टॅपला लावायची. दुसरा मार्ग हाताशी खेळण्याजोगा आहे: लांब एरिअलला खालचा टॅप, आखूड एरिअलला वरचा. आवाज थोडा कमी झालाय आणि स्टेशनं सुटी झालीयत, असं वाटलं की बरोबर जागी आलात. ज्यांना दोन्ही सुखं हवीत त्यांनी दुसरा गँग एरिअलच्या वाटेत ओळीने घालावा आणि स्टेशनागणिक दोन्ही नॉब जुळवावेत.

डायोडचं गणित याहून गमतीचं आहे. चांगली कॉइल १००० किलोहर्ट्झवर ट्यून्ड सर्किटवर साधारण ३०० किलोओहमच्या रेझिस्टरइतका भार टाकते, म्हणजे तिचं स्वतःचं खाणं तेवढंच. डायोडच्या पुढे इअरफोनला समांतर १०० किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर चांगल्या जोरदार सिग्नलला डायोड मागे त्याच्या निम्मा, ५० किलोओहमचा भार टाकतो. तो भार कॉइलच्या माथ्याला थेट लावला की दोन्ही मिळून ४३ होतात आणि पट्टा ५ किलोहर्ट्झचा ३५ होतो. शेजारची तीन-चार स्टेशनं एकदम आत. आता तोच डायोड २५ व्या वेढ्यावर, म्हणजे निम्म्या कॉइलवर लावा. भार चौपट हलका होऊन २०० किलोओहमसारखा दिसतो, दोन्ही मिळून १२०, पट्टा साडेबारा. १७ व्या वेढ्यावर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यावर लावला तर पट्टा साडेआठच्याही खाली.

मग आवाज निम्मा होत असेल ना? इथेच अंदाज चुकतो. टॅपवर कॉइलच्या व्होल्टेजचा निम्माच भाग मिळतो हे खरं, पण भार हलका झाल्यामुळे कॉइलवरचं व्होल्टेजच जवळजवळ तिप्पट होतं. एरिअलची जोडणी सैल असेल तर माथ्यावर डायोडला जिथे ४३ भाग मिळत होते, तिथे निम्म्यावर ६० मिळतात, आणि तिसऱ्या हिश्श्यावरही ६० च. म्हणजे धारही वाढली आणि आवाजही. जमाखर्चात असा दुहेरी फायदा क्वचित होतो. त्यामुळे डायोड कॉइलच्या माथ्याला लावायची सवय एवढी का टिकून आहे, हे मला तरी कोडंच वाटतं. बहुधा टॅप काढायचा कंटाळा.

डायोड जर्मेनियमचा हवा: १एन३४ए, ओए७९, ओए९१, १एन६०, यांतला कुठलाही. कारण सरळ आहे. सिलिकॉनचा डायोड अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेल्याशिवाय नीट वाहत नाही आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तेवढं व्होल्टेजच नसतं. जर्मेनियम ०.२ ते ०.३ व्होल्टवर काम सुरू करतो आणि त्याखालीही थोडं थोडं सोडतो. हल्ली १एन३४ए म्हणून भलतंच काहीतरी हातात पडू शकतं, तेव्हा मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर बघून घ्यावं: ०.२ ते ०.३५ दाखवला तर ठीक, ०.६ दाखवला तर तो सिलिकॉन. आकडा कमी असला तरी तो शॉट्की, म्हणजे धातू आणि सिलिकॉन यांच्या सांध्याचा डायोड, असू शकतो. काही शॉट्की डायोड या कामाला चांगले चालतात. हाताशी फक्त १एन४१४८ असेल तर त्याला थोडी उभारी द्यावी लागते. डायोडची पट्टी असलेली बाजू इअरफोनकडे ठेवायची, १०० किलोओहमऐवजी ४७० किलोओहम ते १ मेगाओहमचा रेझिस्टर लावायचा, आणि त्याचं खालचं टोक अर्थिंगला न नेता १.५ व्होल्टच्या सेलच्या ऋण टोकाला न्यायचं. सेलचं धन टोक अर्थिंगला. एक ते अडीच मायक्रोअँपिअर वाहतात, सेल वर्षानुवर्षं पुरतो. पण मग हा रेडिओ बिनसेलचा राहत नाही.

डायोड काचेच्या नळीत येण्याआधी हे काम खनिजाचा खडा आणि त्यावर टेकवलेली बारीक तार करत असे. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा असा शोधक वापरला होता आणि त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळालं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली इटलीतल्या आंझिओच्या आघाडीवर सैनिकांनी दाढीचं पातं आणि पेन्सिलीचं शिसं यांवर भागवलं. हे आजही करून बघता येतं; टोक पात्यावरच्या निळसर डागावर अगदी हलकं टेकायचं आणि जागा शोधत राहायचं. पण पहिला सेट काचेच्या डायोडवरच चालू करावा, नाहीतर काय चुकतंय ते कधीच कळत नाही. सोल्डर करताना त्याचे पाय काचेपासून पाचेक मिलिमीटर सोडून वाकवावेत आणि मधला भाग चिमट्याने धरावा; उष्णता चिमटा घेतो. डायोड कुठल्या तोंडाने लावला याने साध्या सेटमध्ये काही फरक पडत नाही.

इअरफोन म्हणजे मोबाइलचा इअरफोन नव्हे. तो ३२ ओहमचा, आणि डायोडला थेट जोडला की सर्किट जवळजवळ शॉर्टच झालं. हवा तो क्रिस्टल इअरफोन, फिकट रंगाचा, एकाच कानात घालायचा. हा विजेच्या नजरेने नुसता कंडेन्सर असतो, १० ते २० नॅनोफॅरडचा. त्याच्यातून डीसी वाहत नाही, त्यामुळे डायोडने एकदा भरला की भरलेलाच राहतो, डायोड पुढचं काही घेईनासा होतो आणि आवाज दबतो किंवा फाटतो. म्हणून तो ४७ ते १०० किलोओहमचा रेझिस्टर समांतर लावायचाच. उलट, अनेक आकृत्यांत इअरफोनजवळ १ नॅनोफॅरडचा एक कंडेन्सरही असतो. क्रिस्टल इअरफोन स्वतःच त्याच्या दहा-वीस पट असल्याने तो लावला काय, न लावला काय. २००० ओहमचे जुने मॅग्नेटिक हेडफोन मिळाले तर मात्र कंडेन्सर लावावा आणि रेझिस्टर काढावा. मोबाइलचा इअरफोनच वापरायचा असेल तर मध्ये छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लागतो, १००० ओहम आणि ८ ओहमवाला, आणि दोन्ही कान ओळीने जोडायचे. इअरफोन चांगला आहे का हे ओळखायची सोपी युक्ती: तो कानात घालून त्याची टोकं १.५ व्होल्टच्या सेलला टेकवली की 'टक्' आवाज येतो.

एरिअलसाठी १५ ते २० मीटर इन्सुलेटेड तार, जमेल तितकी उंच, भिंतीपासून आणि पत्र्यापासून दूर. दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा तुटून त्यांच्यावर पडेल अशा बेताने ती कधीच नेऊ नये. ढग गडगडायला लागले की ऐकणं बंद. एरिअल त्याआधीच घराबाहेर अर्थिंगला जोडून ठेवावी. एरिअलइतकंच अर्थिंगकडे लक्ष द्यावं, आणि तेच सहसा होत नाही. जमिनीत गेलेला लोखंडी नळ असेल तर त्याचा गंज घासून क्लॅम्प लावावा. नळ प्लास्टिकचा असेल तर एक मीटरभर तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली सळई ओल्या जमिनीत ठोकावी. घरच्या वायरिंगच्या सॉकेटमध्ये काहीही खुपसू नये, अर्थिंगच्या पिनलासुद्धा नाही. तिथे जिवाला धोका आहे, शिवाय एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा सगळा गोंगाट त्या तारेवर आयताच मिळतो.

सेट बोलत नसेल तर मागून पुढे यावं. इअरफोनची टकटक. मग डायोड मीटरवर. मग कॉइलचा सव्वा ओहम, टॅपागणिक. मग गँग: कॉइल सोडवून मीटर ओहमवर ठेवून नॉब पूर्ण फिरवायचा, कुठेही शॉर्ट दिसता कामा नये. सगळं ठीक असूनही शांतता असेल तर एरिअल क्षणभर थेट डायोडला लावावी. काहीतरी कुजबुज आली तर दोष ट्यून्ड सर्किटात आहे. स्टेशन येतंय पण नॉब कुठेही असला तरी तेच येतंय, तर एरिअल फार घट्ट जोडली गेलीय किंवा गँगचा सांधा सुटलाय. स्टेशन गँग पूर्ण मिटवल्यावर येतंय आणि अजून मिटवावंसं वाटतंय, तर पाच-सात वेढे कमी पडले. पूर्ण उघडल्यावर येत असेल तर उलट.

दुबळ्या स्टेशनांसाठी, किंवा जिथे एरिअल बांधायला जागाच नाही तिथे, एका सेलवर चालणारी तीन पायांची रेडिओ चिप हा सरळ मार्ग आहे. फेरांटी कंपनीने १९७२ मध्ये झेडएन४१४ काढली. तिच्या वंशातली टीए७६४२ आज मिळते. इथे कॉइल फेराइटच्या रॉडवर येते आणि तोच रॉड एरिअलचं काम करतो. १० मिलिमीटर जाडीच्या रॉडवर कागदाची सैल नळी चढवून तिच्यावर सत्तरेक वेढ्यांनी सुरुवात करावी आणि मग नळी सरकवून जुळवावं. रॉडच्या मध्यावर इंडक्टन्स सर्वांत जास्त, टोकाकडे कमी. कॉइलचं एक टोक चिपच्या इनपुटला. दुसरं टोक १०० नॅनोफॅरडमधून ग्राउंडला आणि १०० किलोओहममधून आउटपुटला. गँग कॉइलला समांतर. आउटपुटला १.५ व्होल्टवरून १ किलोओहम, आणि तिथूनच १०० नॅनोफॅरडमधून क्रिस्टल इअरफोन. या चिपला ३ व्होल्ट दिले तर ती शिट्ट्या मारते, त्यामुळे एकच सेल. पायांचा क्रम मात्र हातातल्या चिपच्या डेटाशीटवरूनच घ्यावा. एमके४८४ दिसायला तशीच असते म्हणून तिची आकृती हिला लावू नये. चिपच्या इनपुटचा भार अगदी हलका आहे, म्हणून इथे टॅप लागत नाही. हिशोब तोच, फक्त खाणारा बदलला. रॉडचं टोक केंद्राच्या दिशेने धरलं की स्टेशन बुडतं, त्या दिशेला आडवा धरला की वर येतं, आणि एखादा गोंगाट करणारा चार्जर असा रॉड फिरवून बऱ्याचदा बाजूला सारता येतो.

जवळच्या एकाच केंद्राने क्रिस्टल सेटचा सगळा पट्टा व्यापला असेल तर टॅप खाली नेऊनही ते पूर्ण जात नाही. तिथे ट्रॅप लावावा: पहिल्यासारखीच दुसरी कॉइल आणि दुसरा गँग, एकमेकांना समांतर, आणि ही जोडी एरिअल आणि सेट यांच्या मध्ये ओळीने. ज्या लयीला हा ट्रॅप लावाल त्याच लयीला तो वाट अडवतो. दोन्ही कॉइल एकमेकींपासून किमान २० सेंटिमीटर दूर आणि काटकोनात ठेवायच्या, नाहीतर अडवलेलं स्टेशन हवेतून उडी मारून सेटमध्ये येतं. आधी ट्रॅप काढून ठेवून नको असलेलं स्टेशन सेटवर जास्तीत जास्त मोठं लावायचं, मग ट्रॅप जोडून त्याचा नॉब सावकाश फिरवत तेच स्टेशन कमीत कमी करायचं, आणि त्यानंतर ट्रॅपला हात न लावता सेटच्या नॉबवर बाकीची शोधायची. नको असलेल्या स्टेशनाच्या अगदी शेजारची एक-दोन त्याच्याबरोबर दबतील. ट्रॅपसुद्धा थोडं खातोच.